दानाचे गाणे आणि मतांची पेटी

जुन्या गायकाचे पुनरागमन ही रसिकाची आणि टीकाकाराचीही मोठी अवघड जागा. त्यात ते धर्मकार्यासाठी असले म्हणजे लेखणी आधीच बोथट होते. सत्कार्यासाठी गाणाऱ्याचा तार षड्ज डळमळला, असे लिहावयाचे कोणी?

२००५ साली इंग्लंडात व अमेरिकेत दूरचित्रवाणीवर ‘हिट मी बेबी वन मोअर टाइम’ नावाचा कार्यक्रम झाला. एके काळी गाजून मागे पडलेले गायक त्यात पुन्हा रंगमंचावर आणले. प्रत्येकाने आपले एक जुने गाणे म्हणावयाचे, एक दुसऱ्याचे नवे म्हणावयाचे, आणि मग श्रोत्यांची मते घ्यावयाची. इंग्लंडात अखेर शेकिन स्टीव्हन्स विजयी झाला. अमेरिकेत दर आठवड्याच्या विजेत्याच्या पसंतीच्या धर्मादाय संस्थेस २०,००० डॉलर मिळत.

यांतील दुसऱ्या गाण्याची कल्पना आम्हांस फार मोलाची वाटते. तेथे गायकाला पूर्वपुण्याईचा आधार नसतो. आज गळ्यात काय उरले आहे, ते तेथेच कळते. परंतु मतांची पेटी ही कसोटी पुसून टाकते. श्रोता जुने गाणे ऐकून स्वतःच्या तारुण्याला मत देतो. दानाचा प्रकार तर अधिकच खटकणारा. रक्कम आधीच ठरलेली. श्रोत्याच्या खिशाला झळ नाही. आणि कोणत्या संस्थेच्या पदरी ती पडावी, हे मात्र कोणाचे गाणे लोकांस अधिक आठवते यावर ठरावयाचे!

आपल्याकडे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. ते पुनरागमन नव्हते, दोघेही ऐन भरात होते. परंतु चढाओढ होतीच. प्रेक्षकांनी तिकिटाला स्वतःचे पैसे मोजले, आणि मत मात्र कोणी मागितले नाही. खाडिलकरांच्या नाटकातच धैर्यधर आणि भामिनी यांना एकमेकांसमोर उभे राहावयाचे असल्याने स्पर्धेला भूमिकेचे वळण मिळाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव गेले. दोघांत सरस कोण, हा प्रश्न मोकळाच राहिला, हे उत्तमच झाले.

वाराणसीस बदली होऊन आल्यापासून आमची पाचसहा मराठी नोकरदारांची बैठक सायंकाळी शिंदे घाटावर जमते. मोबाईलवर नाट्यपदे लागतात आणि ‘असे गाणे आता होणे नाही’ हा ठराव एकमताने संमत होतो. (आमच्या कार्यालयात इतक्या त्वरेने एकही कागद निकाली निघत नाही.) बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला हा घाट स्वतःच्या भारानेच खचला व पुढे पुन्हा उभारावा लागला. शेजारचे रत्नेश्वराचे देऊळ कललेलेच आहे, आणि ते कललेले आहे म्हणूनच प्रवासी त्याचे छायाचित्र काढतात. गायकाच्या कललेल्या सुराला तसले कौतुक लाभू नये. त्यात दया असते, आदर नसतो.

याच काशीत १९२३ पासून संकटमोचन मंदिराचा संगीत समारोह चालत आला आहे. तेथे कलावंत हजेरी लावतो ती हनुमंतापुढे. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे समारोह पडद्यावरच झाला, तेव्हा नव्वद वर्षांचे पंडित जसराज अमेरिकेतून गायले. वय आवाजात होतेच. ते लपविण्याचा खटाटोप नव्हता आणि कोणाला हरवावयाचेही नव्हते. म्हणून श्रोता सूट न देता ऐकू शकत होता. त्याच ऑगस्टमध्ये ते निवर्तले.

परप्रांतीच्या आपल्या मंडळांतून मदतनिधीसाठी जुन्या गायकांना बोलाविण्याचा विचार निघाला, तर आमची सूचना अशी : तिकीट लावावे, जमलेला निधी सर्व संस्थांत सारखा वाटावा, गुण व मते बाद करावीत, आणि प्रत्येक गायकाकडून एक तरी अशी चीज मागावी, की जी त्याने पूर्वी कधीच म्हटलेली नाही.