मात्रिमोनिओ अल्लितालिआना

(इटालियन पद्धतीचा विवाह). व्हित्तोरिओ दे सीका (१९०१–७४) याने दिग्दर्शित केलेली इटालियन चित्रपटसुखात्मिका (१९६४). एदुआर्दो दे फिलिप्पो (१९००–८४) याच्या फिलुमेना मार्तुरानो (१९४६) या नाटकावर ती आधारलेली आहे. नेपल्समधील पूर्वाश्रमीची वेश्या फिलुमेना (सोफिया लॉरेन) मरणासन्न असल्याचे सोंग करून, तिला वर्षानुवर्षे ठेवून घेणाऱ्या दोमेनिकोशी (मार्चेल्लो मास्त्रोयान्नी) लग्न लावून घेते. फसवणुकीमुळे हा विवाह रद्द ठरतो. तेव्हा आपल्या तीन मुलांपैकी एक त्याचा आहे, एवढेच ती सांगते. कोणता, ते सांगत नाही. नाटकाचा प्रारंभ सोंग उघडकीस आल्यानंतर होतो व पूर्ववृत्त संवादांतून कळते. दे सीकाने मात्र ते युद्धकालीन बाँबहल्ल्यापासून पूर्वस्मृतीच्या दृश्यांतून प्रत्यक्ष दाखविले आहे. त्यामुळे नाटकातील एकाग्रता काहीशी उणावते. तथापि फिलुमेनाच्या वाट्याला आलेली अवहेलना व तिची जिद्द अधिक प्रत्ययकारी होते. तिचे मौन विनोदाला जन्म देते आणि नैतिक आशयही तेच पेलते : पितृत्व उघड झाल्यास एकाच मुलाला माया लाभून उरलेले दोघे परके ठरतील. उत्तर न मिळताही दोमेनिको तिघांचा स्वीकार करतो, तेव्हाच त्यांचा विवाह खऱ्या अर्थाने सिद्ध होतो. या भूमिकेसाठी लॉरेनला ऑस्कर पारितोषिकाचे नामांकन लाभले.