‘मेट्रोपोलिस’ची चिकित्सक आवृत्ती

जुन्या परदेशी चित्रपटांच्या पुनरुद्धारित प्रती तबकड्यांच्या रूपाने संग्रही ठेवणारा एक वर्ग जगभर आहे. या संग्राहकांच्या चर्चेत चित्राच्या स्वच्छतेस अवास्तव मान मिळतो. ओरखडे किती नाहीसे झाले, यावर आवृत्तीचे मोल ठरते. चित्रपटाकडे संहिता म्हणून पाहणाऱ्यास ही कसोटी अपुरी, किंबहुना प्रसंगी उफराटी वाटेल. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

10 जानेवारी 1927 रोजी बर्लिन येथे तो प्रथम दाखविला गेला, तेव्हा त्याची लांबी 4189 मीटर होती. काही महिन्यांतच ऊफा या निर्मितीसंस्थेने तो मागे घेतला आणि ऑगस्टमध्ये सुमारे 3200 मीटरांचा करून पुन्हा लावला. अमेरिकेत पॅरामाउंटसाठी चॅनिंग पोलॉक या नाटककाराने त्याची वेगळीच काटछाट केली. ती नुसत्या लांबीची नव्हती. संशोधक रोटवांग ज्या मृत प्रियेच्या ध्यासाने यंत्रस्त्री घडवितो, तिचे नाव हेल. हे नाव उत्तर युरोपीय पुराणातील पाताळदेवतेचे. इंग्रजी वाचकास मात्र त्यात ‘नरक’ दिसतो. म्हणून पोलॉकने हेल समूळ काढून टाकली. एका भाषेतील निरुपद्रवी नाम दुसरीत अभद्र ठरावे, यात भाषाभ्यासकास नवल नाही. परंतु तेवढ्यासाठी कथेचा कार्यकारणभावच लोपावा, हे विरळा. यंत्रस्त्री उरली, ती घडविण्याचे कारण गेले. आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी लांगच्या कथानकास विस्कळित म्हणून दोष दिला!

2008 साली बुएनोस आयर्स येथील चित्रपट-संग्रहालयात जवळजवळ पूर्ण अशी 16 मिलिमीटरची प्रत आढळली. 1928 च्या सुमारास आर्जेन्टिनात गेलेल्या मूळ फितीवरून ती पुढे उतरवलेली होती. त्या फितीवरचे ओरखडे नव्या प्रतीत जसेच्या तसे छापले गेले होते आणि चौकटीची कडही कापली गेली होती. सुमारे पंचवीस मिनिटांचा हा भाग जोडून 12 फेब्रुवारी 2010 रोजी बर्लिनमध्ये नवी आवृत्ती सादर झाली, आणि त्याच वर्षी तिच्या तबकड्या निघाल्या. दृश्यांचा क्रम लावताना गॉटफ्रीड हुपर्ट्झच्या मूळ संगीतलेखातील सहस्रावधी सूचना आणि परीक्षण-मंडळाने नोंदवून घेतलेला पाट्यांवरील मजकूर हेच मुख्य आधार ठरले.

या तबकडीवर नव्याने मिळालेला भाग येताच चित्र एकदम मळते. उभ्या रेघांचा पाऊस पडू लागतो आणि कापल्या गेलेल्या कडेची जागा काळी दिसते. स्वच्छतेच्या उपासकास हे वैगुण्य वाटते. वस्तुतः आवृत्तीचा प्रामाणिकपणा येथेच आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारतात सुकथनकरांनी संशयित पाठाखाली नागमोडी रेघ छापली. येथे तेच काम ओरखडे करतात. कोणता भाग कोणत्या परंपरेतून आला, हे प्रेक्षकास टीप न वाचता कळते.

पाट्यांची गोष्ट अधिक रसाळ आहे. कामगारांच्या भूगर्भातील नगरीचे वर्णन करणारी अक्षरे खाली सरकतात, आणि लगेच धनिकपुत्रांच्या विहारस्थानाचे वर्णन करणारी वर चढतात. ‘बाबेल’ या शब्दातून रक्त ठिबकते. येथे लिपी अर्थाचे नुसते वाहन राहत नाही. इंग्रजी पाट्या घातलेल्या जुन्या प्रतींत हे सारे निर्जीव होते. ब्रिटनमधील ‘मास्टर्स ऑफ सिनेमा’ मालेतील तबकडी जर्मन पाट्या कायम ठेवून भाषांतर खाली देते, हा मार्ग निःसंशय श्रेयस्कर. मारियाने सांगितलेल्या बाबेलच्या कथेत भाषा भिन्न होत नाहीत. एकच भाषा बोलणारेही परस्परांस अनाकलनीय होतात. ज्या चित्रपटाची नायिका हे सांगते, त्याच्याच वाट्यास हेलची वासलात यावी!

एवढे असूनही या आवृत्तीस पूर्ण अर्थाने चिकित्सक म्हणता येत नाही. त्या काळच्या प्रथेनुसार ‘मेट्रोपोलिस’च्या स्वदेशासाठी व परदेशासाठी मिळून तीन निगेटिव्ह तयार झाल्या होत्या. एकाच दृश्याचे कॅमेऱ्याचे स्थान आणि नटाचा आविर्भाव त्यांत थोडेफार भिन्न आहेत. हे खरे पाठभेद होत. आर्जेन्टिनाचा भाग ओरखड्यांनी स्वतःस ओळखवतो. परंतु उरलेल्या सुरेख चित्रात कोणत्या क्षणी कोणती निगेटिव्ह आहे, हे पडद्यावर कळत नाही. स्वच्छ भागच अशा रीतीने अधिक अपारदर्शक ठरतो. तळटीपांना जागा नाही ही छापील ग्रंथाची अडचण तबकडीस नाही. पर्यायी दृश्ये शेजारी ठेवून दाखविणे तिला सहज शक्य आहे.

जॉर्जो मोरोडरने 1984 साली सिद्ध केलेली, रंग चढविलेली आणि आधुनिक गाणी घातलेली आवृत्तीही पुढे तबकडीवर आली. तिने पाट्या काढून मजकूर चित्राखाली दिला, म्हणजे सरकणारी अक्षरे पुन्हा एकदा गेली. मूळ पाठासाठी तिचा उपयोग नाही; 1984 च्या श्रोत्यांनी 1927 चे चित्र कसे वाचले, यासाठी मात्र तिचा संग्रह करावा. फ्रेडरसन आणि रोटवांग यांची झटापट अद्याप कोणत्याच प्रतीत सापडलेली नाही. 2010 च्या आवृत्तीत त्या ठिकाणी वेगळ्या वळणाच्या अक्षरांतील पाटी येते आणि काय घडले ते थोडक्यात सांगते.