रहस्य आणि साक्ष

ताडोबाच्या अरण्यात मोहर्लीहून खातोड्याकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला जुने दगडी खांब उभे आहेत. गोंड राजांच्या काळी या खांबांतून दोर ओवलेला असे, त्याला घंटा बांधलेल्या असत आणि राजाची स्वारी निघाली की दोर ओढून चांद्याला वर्दी दिली जाई, अशी कथा वाटाडे सांगतात. कथा रम्य आहे. परंतु मोहर्लीपासून चंद्रपूर सुमारे ३० किलोमीटर दूर. एवढा लांब दोर एका टोकाला ओढून दुसऱ्या टोकाची घंटा वाजणे अशक्यच. टप्प्याटप्प्यावर माणसे राबत असतील, तरच वर्दी पुढे जाईल. म्हणजे कथा खरी मानायची तर दोराआधी त्या माणसांचा विचार करावा लागतो. आणि नेमकी तीच माणसे कथेतून गळाली आहेत.

प्राचीन संस्कृतींच्या गूढांवर जे साहित्य आवडीने वाचले जाते, त्याचाही मूलभूत दोष हाच आहे. एरिक फॉन डॅनिकेन यांचे १९६८ साली प्रसिद्ध झालेले ‘चॅरिअट्स ऑफ द गॉड्स’ हा त्याचा सर्वांत गाजलेला नमुना. लेखकाची शैली चटकदार आहे, कुतूहल जागे करण्याची हातोटीही निर्विवाद. पण एका पानावर विचारलेला प्रश्न पुढच्या पानावर उत्तर होऊन बसतो. पिरॅमिड मानवी हातांना कसे जमले असतील, असे विचारायचे आणि श्रेय परग्रहावरील पाहुण्यांना द्यायचे! पुढे १९९० पासून गिझा येथे पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांची थडगी उजेडात आली. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर पपायरस मिळाले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाने होड्यांतून चुनखडीचे दगड गिझाला नेल्याची रोजची नोंद आहे. आकाशातील रथांपेक्षा ही रोजनिशी अधिक थरारक नव्हे काय?

याच्या शेजारी आपल्या विदर्भातील एक जुना ग्रंथ ठेवून पाहावा. स्टीफन हिस्लॉप हे नागपूरला आलेले स्कॉटिश मिशनरी, पंथाने प्रॉटेस्टंट. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. मध्य प्रांतातील आदिवासींविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत लिंगोचे दीर्घ गीत आहे. या ग्रंथालाही मर्यादा आहेत. गोंड समाजाकडे तो बाहेरच्या, क्वचित वरच्या पायरीवरून पाहतो. तरीही त्यात गीताचा मूळ गोंडी पाठ छापला आहे. अनुवाद चुकला असेल, तर गोंडी जाणणाऱ्याने तो पडताळावा. वाचकाच्या हाती असे प्रमाण देणे, यालाच आम्ही लेखकाची सचोटी म्हणतो.

ज्या शिलावर्तुळांसाठी हिस्लॉप गेले, त्यांचे कोडेही पुढे कष्टानेच थोडेथोडे उलगडले. १९६८ नंतर टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड येथे उत्खनने झाली. वर्तुळांखाली दफने मिळाली, घोड्यांचे अवशेष आणि त्यांचे तांब्याचे साज मिळाले. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. भट्टी फुंकणाऱ्याचे नाव कळले नाही, पण त्याचे कसब सिद्ध झाले. ही माणसे कोणती भाषा बोलत, हे आजही गूढ आहे. खरे गूढ असे असते: पुरावा जिथे थांबतो तिथून ते सुरू होते. पुराव्याआधीच जे सुरू होते, ते केवळ कुतूहलाचा बाजार.

आठवी आज्ञा खोटी साक्ष देण्यास मना करते. आपण तिचा अर्थ जिवंत शेजाऱ्यापुरता घेतो. मृतांना तर स्वतःची बाजू मांडता येत नाही. त्यांचे श्रम दुसऱ्याच्या नावावर चढविणे ही त्यांच्याविरुद्ध दिलेली खोटी साक्षच होय. गोंडांची चांद्याची सत्ता १७५१ मध्ये भोसल्यांकडे गेली, आणि त्यांच्या वास्तूंविषयी बोलणारे बहुधा परकेच राहिले. म्हणून मोहर्लीच्या खांबांची कथा वाटाड्यांनी अवश्य सांगावी; ती लोकस्मृती आहे. मात्र ऐकणाऱ्याने एक प्रश्न जरूर विचारावा: हे दगड कुणी वाहिले?