पाककृतीचं पुस्तक 'का' सांगतं का?

घरी पौष्टिक रांधायचं तर पुस्तक कोणतं घ्यावं, हे तत्त्वज्ञानाच्या मास्तराला कशाला विचारायचं, असं तुम्हाला वाटेल. पण हा प्रश्न आमच्याकडे जुनाच आहे. प्लेटोच्या 'गॉर्जियस' या संवादात सॉक्रेटिस स्वयंपाकाला कला म्हणायलाच तयार नाही. ती नुसती सवयीनं आलेली हातोटी, कारण आपण जे करतो ते का करतो, हे तिला सांगता येत नाही. वैद्यकाला सांगता येतं. वर तो असंही म्हणतो, की लहान मुलांपुढे आचारी आणि वैद्य यांची चढाओढ लावली तर वैद्य उपाशी मरेल. स्वयंपाकाविषयीचा त्याचा हा तुच्छभाव मला पटत नाही. आयतं ताट मिळणाऱ्याला असं बोलणं सोपं असतं. पण कसोटी मात्र उचलण्यासारखी आहे. पुस्तक 'का' सांगतं का?

आता ही कसोटी घेऊन आपलं कपाट उघडू. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि घरोघरी गेलं. त्याचं मोठेपण मापात आहे. 'अंदाजानं घाला' याच्या जागी वाटी आणि चमचा आला. आईपासून लांब संसार मांडलेल्या मुलीला कुणाला न विचारता स्वयंपाक जमू लागला, ही लहान गोष्ट नव्हे. पण माप म्हणजे कारण नव्हे. मटकीला मोड कसे आणायचे, फोडणी कशाची द्यायची, हे आपल्या पुस्तकांत असतं. उसळीवर लिंबू का पिळायचं, हे बहुधा नसतं. कडधान्यातलं लोह शरीरात सहजी शोषलं जात नाही; सोबत क जीवनसत्त्व असलं तर जास्त शोषलं जातं. हे जीवनसत्त्व उष्णतेनं कमी होतं, म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर, शक्यतो पानातच पिळायचं. आणि वर लगेच चहा घेतलात तर चहातली टॅनिनं लोह अडवतात. चार वाक्यांचा मजकूर आहे हो हा! पण तो कळला, की लिंबू नसेल त्या दिवशी कच्च्या कोबीची कोशिंबीर किंवा आवळ्याची फोड चालेल, हे तुमचं तुम्हालाच सुचतं. कृती पाठ केलेल्याचं लिंबू संपलं, की विषय संपला. ज्या घरात बाईचं हिमोग्लोबिन सतत कमी येतं, तिथे हा फरक पुस्तकी राहत नाही.

दुसऱ्या टोकाला हल्लीची 'हेल्दी' पुस्तकं. प्रत्येक पदार्थाखाली कॅलरींचा आकडा, तोही एककापर्यंत. अहो, माझी वाटी केवढी, भाजीत कूट किती पडलं, कढईला तेल किती राहिलं, हे ठाऊक नसताना हा आकडा आला कुठून? अचूकतेचा नुसता वेष आहे हा. आकडेच हवे असतील तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते बघा. १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, गाईच्या दुधात त्याच्या निम्म्याहूनही कमी. हे वाचून लगेच दूध बंद करू नका! दूध आपण पेलाभर पितो, आणि १०० ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या एका बैठकीत सगळेच खात नाहीत. शिवाय नाचणीतलं सगळं कॅल्शियम अंगी लागतं असंही नाही. आकड्यालासुद्धा 'का' आणि 'किती' विचारावं लागतं.

आणि ते सर्वव्यापी 'मीठ चवीनुसार'! जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण एक सपाट चमचा. त्यातच लोणचं, पापड, फरसाण आलं. चव ही तर सवयीनं घडलेली असते. म्हणजे जो आरोपी, त्यालाच आपण न्यायाधीश करून बसवतो.

आणखी एक. 'पौष्टिक' कोणाच्या स्वयंपाकातून ठरवलं? शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ चं पुस्तक जरूर वाचा. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं अन्न त्यात आहे. गाजलेल्या मराठी पाकपुस्तकांत ज्याला पान मिळालं नाही, असं. चान्या म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, रानातला पाला, अपुऱ्या तेलावर भागवणं. ते वाचल्यावर 'सात्त्विक' आणि 'पौष्टिक' हे शब्द आपण किती सहज एकमेकांच्या जागी वापरतो, ते लक्षात येतं. सात्त्विक हा आचाराचा शब्द आहे. प्रथिनं सोवळं-ओवळं पाळत नाहीत. हे पुस्तक पथ्याचं नाही, तरीही मी ते या यादीत घालतो, कारण एखादं अन्न ताटात का आलं आणि का आलं नाही, याचं कारण ते देतं.

तेव्हा दुकानात पुस्तक हाती घेतलंत तर आधी पालेभाज्यांचं प्रकरण उघडा. भाजी चिरण्याआधी धुवायची की नंतर, शिजवलेलं पाणी टाकायचं की आमटीत घालायचं, आणि का, हे लिहिलंय का बघा. मग एका माणसाचं माप दिलंय का, तेही बघा. इथे बसलेल्यांपैकी कित्येक जण आता एकटेच जेवतात, आणि चौघांची भाजी करून ती तीन दिवस पुरवतात. त्यांच्यासाठी मराठीत काय आहे, हे मला तुमच्याकडूनच ऐकायचंय. मागच्या रांगेत हात वर आहे, बोला.