पक्षी रंगवावा लागतो

नांदुऱ्याचे एक स्नेही यंदा केनियाला निघाले आहेत. पक्षी ओळखायला मुद्दाम घेतलेले पुस्तक त्यांनी कौतुकाने पुढे ठेवले. गुळगुळीत कागद, पानभर छायाचित्रे आणि प्रत्येक पक्षी लग्नाच्या अल्बममधल्या नवरदेवासारखा सजून बसलेला. माद्या क्वचित, पिल्ले नाहीतच, उडतानाचे पंखही नाहीत. असल्या पुस्तकांचे सध्या उदंड पीक आले आहे.

खरे तर अमेरिकी पक्षीचित्रकार पीटरसनने १९३४ सालीच वाट घालून दिली होती. सारखे दिसणारे पक्षी एका पानावर शेजारी बसवायचे आणि फरकाच्या जागी रेघ ओढायची. त्या परंपरेचे शिखर म्हणजे १९९९चे कॉलिन्स पक्षी-मार्गदर्शक. मुलार्नी आणि झेटरस्ट्रोम यांनी नर, मादी, पिल्लू, बसलेला, उडणारा असा पक्षी रंगवला. खुणांच्या टिपा चित्रालगतच. पुस्तक युरोपचे, पण थंडीत आपल्या हरभऱ्यावरून तरंगणारे हॅरियर हे शिकारी पक्षी त्यातूनच उलगडतात. पॅलिड की माँटेग्यू, यावर भले भले गडबडतात, विशेषतः पहिल्या वर्षाच्या पिल्लांत. पॅलिडच्या मानेभोवतीची फिकट पट्टी चित्रात नेमकी दाखवता येते. छायाचित्रात मान वळली की संपले.

आपल्या पक्ष्यांवरचे अली–रिप्लेंचे दहा खंड घरी बसून वाचायचे, रानात न्यायचे नव्हेत. फोनवरचे मर्लिन अ‍ॅप नाव सांगते, पण का ते सांगत नाही.

दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवरच्या, रासमुसेन–अँडर्टनच्या २००५च्या रिप्ले गाइडला मात्र दंडवत. याच रासमुसेनबाईंनी संग्रहालयांतले नमुने तपासून इंग्रज पक्षीसंग्राहक मायनर्ट्झहागेनच्या चोऱ्या आणि खोट्या चिठ्ठ्या उघड्या पाडल्या, आणि १९९७ साली दोन सहकाऱ्यांसह शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा शोधला. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कोणालाच मिळाला नव्हता. आज तो आपल्या मेळघाटातही आहे. माथ्यावर ठिपके जवळपास नाहीत, छाती गडद तपकिरी, शेपटीवर रुंद पट्टे. साध्या पिंगळ्याशेजारी रंगवला की शाळकरी पोरही ओळखेल. दोन जंगलांत, दोन वेगळ्या उन्हांत काढलेले फोटो शेजारी छापा, जाणकारही डोके खाजवतील.

कॅमेरा खोटे बोलत नाही म्हणे! संध्याकाळच्या उन्हात राखाडी पक्षी तांबूस दिसतो, सावलीत निळसर होतो. कॅमेरा एका पक्ष्याचा एक क्षण पकडतो. चित्रकार शेकडो पक्षी पाहून, नमुने हाताळून, त्या जातीत कायम असते तेवढेच ठेवतो. चित्रे महाग पडतात हे रडगाणेही पुरे झाले. फोटो स्वस्त म्हणून मराठीतही तेच छापायचे आणि वाचकाला सुंदर कागद विकायचा, याला पक्षी-मार्गदर्शक म्हणू नये. आपल्याकडे पक्षी रंगवणारे हात आहेत, त्यांना काम देणारे नाहीत.

केनियाला जायचे तर स्टीव्हन्सन–फॅनशॉचे रंगवलेले पुस्तक घ्या, श्रीलंकेला हॅरिसन–वर्फोकचे. आणि प्रकाशकांनो, पुढच्या पक्षीपुस्तकाचा पहिला धनादेश चित्रकाराच्या नावे लिहा.