सही आहे, रक्कम नाही

अजिंठ्याच्या दहा नंबरच्या लेण्यात शिरलो तेव्हा आमच्यात कलेची जाण असलेलं कुणी नव्हतं. मी बी.कॉम., सौभाग्यवतींना चढून आल्यामुळे दम लागलेला, आणि कन्येचं सारं लक्ष बाहेरच्या माकडांकडे. गाइडला अशा रसिकांची सवय असावी. त्यानं एका खांबावरच्या बोधिसत्त्वाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "नीट बघा साहेब, अंगावर इंग्लिश अक्षरं दिसतील."

बघितलं. जॉन स्मिथ, २८वी कॅव्हलरी, २८ एप्रिल १८१९. मद्रासच्या सैन्यातला हा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला म्हणून या रानात आला होता. वाघाऐवजी त्याला लेणं सापडलं. मग आपण लग्नात मिळालेल्या पातेल्यावर जे करतो तेच त्यानं केलं. नाव घालून घेतलं! फरक एवढाच की, पातेलं आपलं असतं. ही अक्षरं आज आपल्या डोक्याच्याही वर दिसतात, ती साहेब ताडमाड होता म्हणून नव्हे. लेण्यात त्या काळी पाचेक फूट राडारोडा साचला होता, त्यावर उभं राहून त्यानं हे कार्य उरकलं.

गंमत म्हणजे आमच्याबरोबरचा सगळा घोळका माना वर करून स्मिथ शोधत होता. बोधिसत्त्वाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला संताप आला. "रानटी माणूस!" मी तिथल्या तिथे व्याख्यान सुरू केलं. "शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी एवढं सुंदर चित्र काढतो, आणि हा गडी त्यावर चाकू चालवतो! ही काय कला झाली?"

घोळक्यातल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. तेवढ्यात कन्या खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबा, गेल्या दिवाळीत किल्ल्यावर तुम्ही मला तुमचं नाव दाखवलंत ना, तेही असंच कोरलेलं होतं ना?"

लेण्यात आवाज फार घुमतो.

आता खोटं कशाला बोलू? कॉलेजच्या सहलीत एका किल्ल्याच्या दरवाजाशी मी दगडावर माझं नाव कोरलं होतं. खाली वर्ष आणि शेजारी एक आद्याक्षर. ते आमच्या सौ.च्या नावाचं नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मुलीला मी ते मोठ्या अभिमानानं दाखवलं होतं. तेव्हा घरी परतल्यावर मी माझ्या बचावाचे पुरावे गोळा करायला बसलो.

पहिला पुरावा कान्हेरीचा. मुंबईत बोरिवलीजवळच्या या लेण्यांपैकी ९० नंबरच्या लेण्यात इ.स. १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये झरतुष्ट्री मंडळी येऊन गेली आणि पहलवी लिपीत आपापली नावं कोरून गेली. आज इतिहासकार ते लेख मोलाचे मानतात. मला हुरूप आला. म्हणजे मी फक्त हजार वर्षं धीर धरायचा! पण मग विचार केला, हजार वर्षांनी आमच्या शाखेचं हजेरीचं मस्टरही इतिहासाचं साधन होईल. म्हणून त्याला कुणी कादंबरी म्हणणार नाही. जुनं झालं की पुरावा होतो, कला होत नाही. हा चेक परत आला.

दुसरा पुरावा विलायतेचा. तिथे बँक्सी म्हणून एक गृहस्थ आहेत. नाव ऐकून मला आधी आमच्याच खात्यातले वाटले. हे रात्री-बेरात्री लोकांच्या भिंतींवर चित्रं काढतात आणि आपलं खरं नाव काही सांगत नाहीत. २०१८ मध्ये लंडनला यांचं फुगेवाल्या मुलीचं चित्र लिलावात दहा लाख पौंडांच्या वर गेलं. हातोडा पडतो न पडतो तोच चौकटीत लपवलेलं यंत्र सुरू झालं आणि चित्राच्या अर्ध्या भागाच्या चिंध्या झाल्या. तेच अर्धवट फाटलेलं चित्र २०२१ मध्ये एक कोटी पंच्याऐंशी लाख पौंडांना विकलं गेलं. आमच्या काउंटरवर कुणी अर्धी फाटलेली नोट आणली तर नियमानं अर्धे पैसे मिळतात. कलेचं गणित बी.कॉम.ला का शिकवत नाहीत, ते इथे कळतं.

तिसरा पुरावा न्यूयॉर्कचा, आणि तो ऐकून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाणी प्यायले. क्वीन्स भागात '५ पॉइंट्झ' नावाची कारखान्याची जुनी इमारत होती. मालकाच्याच परवानगीनं चित्रकारांनी तिच्या भिंती रंगवल्या. पुढे मालकाला इमारत पाडायची होती. २०१३ मध्ये त्यानं एका रात्रीत सगळ्यावर पांढरा रंग फिरवला. चित्रकार कोर्टात गेले. २०१८ मध्ये न्यायाधीशांनी २१ चित्रकारांना ६७ लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितली आणि २०२० मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. भिंत मालकाची, रंग मालकाचा आणि दंडही मालकालाच!

एवढं वाचल्यावर माझी बाजू भक्कम झाली असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण वीस-बावीस वर्षं चेक पास करणाऱ्या माणसाची एक खोड असते. तो आधी सही बघत नाही, रक्कम बघतो. बँक्सीनं निदान एक मुलगी काढली, तिच्या हातातून सुटणारा फुगा काढला. न्यूयॉर्कच्या पोरांनी तर आख्खी इमारत उजळली. बँक्सी भिंतीच्या मालकाला विचारत नाही, तेव्हा गुन्हा होतोही. पण गुन्हा आणि कला ही दोन निराळी खाती आहेत, आणि एकाच इसमाची दोन्ही खाती असू शकतात. स्मिथचं मात्र एकच खातं. त्यानं सही केली. रक्कम कुठे आहे?

आणि त्याच खांबावरचा तो चित्रकार बघा. त्यानं रक्कम भरली आणि सही केलीच नाही. आमच्याकडे असा चेक क्षणात परत जातो. त्याचा दीड हजार वर्षं वटतो आहे, आणि जो येईल त्याला पैसे मिळताहेत. त्यानं नाव ठेवलं नाही म्हणून त्याला कुणी नावं ठेवत नाही. स्मिथनं नाव ठेवलं, आणि दोनशे वर्षं जग त्याला नावं ठेवतं आहे. मग माझं काय?

कायदाही वाचला. स्मारक विद्रूप केल्याबद्दल १९५८ च्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होता, किंवा दोन्ही. २०१० च्या दुरुस्तीनं ती मर्यादा दोन वर्षं आणि एक लाखावर नेली. म्हणजे मी जुन्या दरातला गुन्हेगार. पण त्यानं काही बरं वाटेना.

शेवटी परवाच्या रविवारी कन्येला घेऊन किल्ल्यावर गेलो. पिशवीत ओला फडका आणि ब्रश. दरवाजाशी ताक विकणाऱ्या मावशींनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "घासू नगा दादा, आनखी दगूड जाईल."

मी नुसताच बघत उभा राहिलो. गेल्या दिवाळीत अभिमानाच्या भरात एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. मी कोरलं तेव्हा तो दगड कोरा होता. आता माझ्या नावाभोवती बदाम, बाण, भोपळ्याएवढी अक्षरं अशी गर्दी होती. कन्येनं मोजली. सोळा नावं. खातं मी उघडलं, भरणा बाकीच्यांनी केला.

पूर्वी चेकवर खाडाखोड केली की तिथे पुन्हा सही करावी लागे. आता तर खाडाखोडीचा चेक क्लिअरिंगला चालतच नाही. दगडाचा नियम पहिल्यापासूनच तो होता. मी फडका पिशवीत ठेवला, मावशींकडून दोन ग्लास ताक घेतलं आणि मुलीला म्हटलं, "चल, वर बुरुजावरून छान दिसतं."

"तिथे पण तुमचं नाव आहे का?" तिनं विचारलं.

नाही. तिथे मला दम लागला होता.