चार आकड्यांची चढण

दिवाळीला पुतण्या पुण्याहून वर्ध्याला आला तो मिठाईच्या डब्याबरोबर एक रंगीत पत्रक घेऊन. "काकाजी, एका सुईत पन्नास कॅन्सर कळतात. साठी उलटली तुमची, करून घ्या नं." पत्रक चहाच्या कपाखाली गेलं. ज्या शोधनिबंधामुळे या चाचण्यांचा एवढा बोलबाला झाला, त्यातले आकडे मात्र मी शोधून काढले आणि आवडत्या कविता उतरवायच्या वहीत उतरवले.

निबंध २०२१ च्या 'ॲनल्स ऑफ ऑन्कोलॉजी'तला. चाचणी 'गॅलरी' नावाची, अमेरिकेतल्या ग्रेल कंपनीची. कॅन्सर असलेल्या २,८२३ आणि नसलेल्या १,२५४ जणांचं रक्त तपासलं. कॅन्सर असलेल्यांपैकी किती जण चाचणीला सापडले, त्याची टप्प्यावार टक्केवारी अशी: पहिला टप्पा १६.८, दुसरा ४०.४, तिसरा ७७, चौथा ९०.१.

एकदा मोठ्याने वाचून पाहा. पत्रकावर सगळ्यांत ठळक शब्द 'लवकर', आणि त्या 'लवकर'च्या घरातच सगळ्यांत लहान आकडा. पहिल्या टप्प्यातल्या शंभरातले त्र्याऐंशी हातून निसटले. हे लपवलेलं नाही, यासाठी लेखकांना पहिली दाद. दुसरी दाद चढणीला, कारण तिच्यामागचं कारण आकड्यांतूनच दिसतं. मरणाऱ्या पेशी आपल्या डीएनएचे तुकडे रक्तात सोडतात, साधारण १६०-१७० अक्षरांचे. गाठ लहान असली की तिचे तुकडेही मोजके, आणि हातातून काढलेल्या दोन नळ्यांत त्यातला एखादाही येईलच असं नाही. म्हणून मला वाटतं, या ओळी चाचणीच्या हुशारीबद्दल थोडं आणि गाठीच्या बोलकेपणाबद्दल जास्त सांगतात. बरी होण्याजोगी असते तेव्हा ती बहुतेक गप्पच.

पण जेव्हा बोलते तेव्हा काय बोलते! रसिकाने रेंगाळावं अशी जागा ही. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएची तीच पोथी असते. यकृताने तिची कोणती पानं वाचायची आणि फुप्फुसाने कोणती, यात अक्षरांवर बसलेल्या मिथाइलच्या बारीक टिंबांचा मोठा हात असतो. कॅन्सरमध्ये टिंबं विस्कटतात, तरी मूळ अवयवाची लकब उरते. मुंबईत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडून 'काहून' निघतं आणि तो आपल्याकडचा म्हणून कळतो, तसंच. त्या लकबीवरून चाचणी गाठीचं गावही सांगते, आणि जिथे कॅन्सर खरोखर पकडला तिथे ८८.७ टक्के वेळा ते बरोबर निघालं. सुटा तुकडा वाचून गाव ओळखणं, इतका देखणा विचार वैद्यकात मी फार पाहिलेला नाही.

निबंधातला आणखी एक आकडा ९९.५. कॅन्सर नसलेल्या इतक्या टक्के लोकांना चाचणीने बरोबर सोडून दिलं. वाचताना डोळे दिपतात, आणि तिथेच फसायला होतं, कारण गावात निरोगी माणसंच फार असतात. २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'पाथफाइंडर' अभ्यासात ६,६२१ जणांपैकी ९२ जणांना इशारा मिळाला. कॅन्सर निघाला ३५ जणांना. उरलेल्या ५७ घरांतल्या रात्री कुठल्याच रकान्यात मांडलेल्या नाहीत.

आता आपल्या जिल्ह्याकडे. वर्धा जिल्ह्याची कॅन्सर नोंदणी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत होते. आष्टी-कारंज्यापासून समुद्रपूरपर्यंत आठही तालुक्यांतले रुग्ण तिथल्या कागदावर येतात, आणि मृत्यूही. आमच्या पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणं दिवसभर चालतं. तो गालात धरणाऱ्याच्या तोंडातला पांढरा चट्टा बघायला डीएनए लागत नाही, आ करायला लावून टॉर्च मारला तरी पुष्कळदा दिसतो. पुतण्याला हे सांगितलं तर तो हसला. त्याच्या खिशातही पुडी होती.

वहीतल्या त्या चार ओळी पुन्हा वाचल्या तेव्हा एक रकाना राहून गेल्यासारखा वाटला. किती कॅन्सर सापडले ते आहे, किती माणसं वाचली ते नाही. तो रकाना भरायला वर्षं लागतात, हजारो माणसं लागतात, आणि जिची तपासणी होत नाही अशी एक तुकडीही लागते. हे उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झालेलं आहे. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा, जोडीला फ्रान्समधली ल्योंची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. चाचणी रक्ताची नव्हती आणि कॅन्सरही एकच, गर्भाशयमुखाचा. एका गटाची एचपीव्ही विषाणूसाठी फक्त एकदा तपासणी झाली. निकाल २००९ मध्ये छापून आला. तपासणी न झालेल्या ३१,४८८ जणींत त्या कॅन्सरने ६४ मृत्यू, एचपीव्ही तपासलेल्या ३४,१२६ जणींत ३४.

मृत्यूंचा पहिला आकडा वाचताना दाद द्यायचं सुचत नाही. त्या चौसष्ट जणींनाही तपासता आलं असतं, यावरून पुढे वादही झाले.

समोरचं पान कोरं होतं. तिथे हे दोन आकडे उतरवले, एकाखाली एक, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.